चक्रीफूल, टॅमिफ्लू आणि आधीची भानगड

सोलापुरात मधल्या मारुतीजवळ काळ्या मसाल्याचं सामान घेत होतो, तर चक्रीफूल हातात घेऊन मावसभाऊ म्हणाला, "टॅमिफ्लू ह्यातनंच बनवायचे बे." टॅमिफ्लू म्हणजे फ्लूवरचं औषध. भाऊ चिंचोळी एमआयडीसीत बल्क ड्रगच्या, म्हणजे गोळ्यांतलं मूळ औषध बनवणाऱ्या प्लांटला केमिस्ट, त्यामुळं थाप म्हणता येईना. घरी येऊन वाचत बसलो तर गोष्ट बरीच मागं गेली.

आधी व्हायरसवरची औषधं म्हणजे नेम कुठं आणि लागलं कुठं. प्रुसॉफ नावाच्या संशोधकानी १९५९ला आयडॉक्सयुरिडिन बनवलं ते कॅन्सर डोक्यात ठेवून, कामाला आलं डोळ्यातल्या हर्पिस व्हायरसला. एझेडटीपण तसंच, १९६४ला कॅन्सरसाठी बनवलं, चाललं नाही, बाजूला पडलं आणि १९८७ला एचआयव्हीचं पहिलं औषध म्हणून मंजूर झालं.

नेम धरून औषध बनवण्याकडं गाडी वळली १९८३ला. ऑस्ट्रेलियात पीटर कोलमन आणि वर्गीस यांनी फ्लू व्हायरसवरच्या न्यूरामिनिडेज एन्झाइमचा नकाशा एक्स-रेनं काढला. हे एन्झाइम म्हणजे व्हायरसची कात्री, पेशीला चिकटलेले नवे व्हायरस ह्यानं सुटतात आणि पुढच्या पेशीकडं जातात. फ्लू बाहेरनं सारखं रूप बदलतो पण ह्याच्या आतली खाच जवळपास तशीच राहते, म्हणजे तिथं बूच मारायचं.

बूच म्हणून डाना नावाचा साखरेसारखा रेणू आधीच माहीत होता पण पकड ढिली. मग मार्क फॉन इट्झस्टाइनच्या टीमनं ग्रिड नावाचा प्रोग्रॅम लावला, तो खाचेच्या कानाकोपऱ्यात वेगवेगळे केमिकल गट ठेवून बघतो कुठं काय बसतंय. त्यात दिसलं की डानाच्या चौथ्या कार्बनवरचा ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट) काढून पॉझिटिव्ह चार्जचा अमाइन गट टाका, शेजारी खाचेतल्या ग्लुटामेटचा निगेटिव्ह चार्ज त्याला ओढायला बसलेलाच आहे, आणि अमाइनहून मोठा, तसाच पॉझिटिव्ह ग्वानिडीन गट टाकला तर अजून भारी. स्क्रीनवर सोपंय हो. साखरेच्या रेणूत ओएचची गर्दी, नेमका एकच बदलायचा म्हणजे बाकीचे आधी झाकायचे, काम झालं की झाकणं काढायची, आणि दर स्टेपला थोडा माल जातोच, म्हणजे यील्ड (शेवटी हातात येणारा माल) घटतं. पण बनवून टेस्ट केलं तर पकड हजारो पटीनं घट्ट! पेपर १९९३ला, झानामिविर म्हणून मंजुरी १९९९ला.

लोचा एकच, ते आतड्यातनं रक्तात नीट जाईना म्हणून पावडर ओढावी लागायची. तोंडानं घ्यायचं ऑसेल्टामिविर, म्हणजे टॅमिफ्लू, त्याच वर्षी आलं, आणि त्याचा कच्चा माल शिकिमिक ॲसिड, ते चक्रीफुलातनं. आपल्याकडं हे नाव घरोघरी गेलं २००९ला, पुण्यात स्वाइन फ्लू आला तेव्हा.

कोविडमध्ये नुसत्या कॉम्प्युटरवर "हे औषध चालतंय" म्हणणारे पेपर ढिगानं आले, ते मला तरी पत्रिका जुळवल्यासारखे वाटायचे, लग्नाचा पत्ता नाही. कोविडवरच्या निर्माट्रेल्विर गोळीचं तसं नव्हतं. २००३च्या सार्स साथीच्या (तोही कोरोना व्हायरसच) वेळचा एक रेणू पडून होता, पण तो शिरेतनं द्यावा लागला असता, मग डिझाइन, सिंथेसिस, परत डिझाइन असं करत गोळीवर आले. जुलै २०२०ला पहिल्यांदा बनवला तेव्हा हातात आले ७ मिलिग्रॅम, नोव्हेंबरपर्यंत किलोच्या वर. हे भावाला सांगितलं तर बाकी सगळं सोडून त्याचा पहिला प्रश्न, "यील्ड किती बसलं?"