सरकारी का संस्थेचं? पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या कारभाराची मागची गोष्ट

दिवाळीनंतरची आमच्या गावची मंडई, म्हणजे जत्रा, रात्री वडशाच्या कंपनीचं नाटक लागलेलं, दुसरा अंक सुरू व्हायला वेळ होता अन् भाचा मोबाईलवर एफटीआयआयचं, म्हणजे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचं, पान उघडून बसलेला. बारावी झाली त्याची, पुढं ग्रॅज्युएशन करून तिकडं जायचं खूळ आहे. मला विचारतो, "मामाजी, हे सरकारी हाये का संस्थेचं?"

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात काय अन् वऱ्हाडात काय, कोणत्याही शाळा-कॉलेजबद्दल पहिला प्रश्न हाच असतो. सरकारी म्हणजे फी कमी, संस्थेचं म्हणजे अध्यक्ष कोण ते आधी पाहा. मी म्हटलं, दोन्ही. त्याला वाटलं मामा मजाक करते. पण खरंच तसं आहे, अन् 2015 मध्ये तिथं जो एवढा मोठा संप झाला त्याचं मूळ पण या "दोन्ही" मध्येच आहे असं मला वाटते, म्हणून जरा मागून सांगतो.

स्वातंत्र्यानंतर लगेच, 1949 ला सरकारनं सिनेमाच्या धंद्याची चौकशी करायला एक समिती नेमली, अध्यक्ष स. का. पाटील, मुंबई काँग्रेसचे. 1951 ला रिपोर्ट आला. त्यात बऱ्याच शिफारशी होत्या, सिनेमाला कर्ज द्यायला महामंडळ काढा अन् सिनेमा शिकवायला संस्था काढा, ह्या दोन त्यातल्या मोठ्या. सरकारी रिपोर्टाचं जे होते तेच झालं, नऊ वर्षं गेली. 1960 ला फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, पुण्यात, प्रभात फिल्म कंपनीच्या बंद पडलेल्या स्टुडिओत. प्रभात 1929 ला कोल्हापुरात निघाली, 1933 ला पुण्यात आली, अन् पन्नासच्या दशकात बंद झाली. म्हणजे स्टुडिओ तयारच होता, सरकारला वेगळं बांधत बसायचं काम नव्हतं.

अन् पहिला प्रमुख कोण, तर गजानन जागीरदार. आमच्याकडे हे कोणाला सांगितलं की खरं वाटत नाही, माणूस जन्मानं अमरावतीचा. प्रभातमध्येच त्यांनी 'रामशास्त्री' केला होता, म्हणजे ज्या आवारात स्वतः तोंडाला रंग लावला तिथंच प्रमुख म्हणून आले. नंतर बरीच वर्षं जगत मुरारी होते. बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटक साठच्या दशकात मधात थोडे दिवस उपप्राचार्य होते, पण पोरांनी त्यांचं नाव आजवर धरून ठेवलं. ज्या आंब्याखाली ही मंडळी बसायची त्याला तिथं विस्डम ट्री म्हणतात. आमच्या भाषेत पार.

तर ह्या पहिल्या चौदा वर्षांत कारभाराचा घोळ नव्हता. इन्स्टिट्यूट सरळ माहिती आणि प्रसारण मंत्रालयाच्या हाताखाली, तहसील जशी कलेक्टरच्या हाताखाली तशी. पैसा दिल्लीचा, हुकूम दिल्लीचा, नाव पण दिल्लीचंच.

बदल आला 1974 ला. दिल्लीत टीव्हीवाल्यांना शिकवायचं केंद्र होतं ते पुण्यात आणलं, दूरदर्शनच्या लोकांचं ट्रेनिंग इथं होऊ लागलं, अन् नावात टेलिव्हिजन शब्द आला. त्याच वर्षी ऑक्टोबरात इन्स्टिट्यूटची सोसायटी म्हणून नोंदणी झाली, 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली. हे वाचून मी सरळ होऊन बसलो, कारण आमच्या गावच्या नाट्य मंडळाची नोंदणी पण त्याच कायद्याखाली आहे! सहा वर्षं सचिव होतो मी, ती सुतळीनं बांधलेली फाईल अजून घरी फळीवर आहे. घटना, नियमावली, सात जणांच्या सह्या, त्यातले दोन अंगठे.

कायदा इंग्रजांच्या काळचा आहे अन् त्यामागचा विचार साधा, सात लोकांनी एकत्र यावं, काहीतरी चांगलं काम करावं अन् आपला कारभार आपण पाहावा. आता फरक बघा. आमच्या मंडळात 51 रुपयाची पावती फाडली की सभासद, आमसभेत हात वर करून अध्यक्ष, त्यात भांडणं होतात, एका वर्षी तर खुर्च्या उडल्या आणि नवीन कार्यकारिणीचा चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल कळवायचा कागद, चार महिने कोणी सही करेना म्हणून अडला, पण जो अध्यक्ष झाला तो गावानं केलेला. एफटीआयआयच्या सोसायटीत सभासद दोन प्रकारचे. काही हुद्द्यामुळे आपोआप येतात, मंत्रालयाचे अधिकारी वगैरे, अन् बाकीचे नामवंत मंडळी अन् माजी विद्यार्थी, पण ते निवडून येत नाहीत, त्यांची नावं मंत्रालय काढते. अध्यक्षही मंत्रालयच नेमते. ह्याच सोसायटीतून गव्हर्निंग कौन्सिल बनते, मोठे निर्णय तिचे, तिच्या खाली अॅकॅडमिक कौन्सिल अभ्यासक्रमाचं पाहते अन् स्टँडिंग फायनान्स कमिटी पैशाचं. रोजचा कारभार डायरेक्टरकडे, तो कधी सिनेमातला माणूस असते तर कधी माहिती सेवेतला अधिकारी, त्याला पण सरकारच नेमते.

म्हणजे कागदावर स्वायत्त. अनुदान सरकारचं, सभासद सरकारचे, अध्यक्ष सरकारचा, अन् घटना मात्र आमच्या मंडळासारखी. आमच्याकडे जावयाला घरचा धनी म्हणतात पण कोठीची चाबी सासूकडं असते, तसं.

अन् ह्या नवीन कारभाराची सुरुवातच भांडणानं झाली. 1974 ला डायरेक्टर म्हणून नाटककार गिरीश कार्नाड आले, वयानं तरुण. त्यांच्याच काळात अॅक्टिंगच्या पोरांनी संप केला, त्यात नसीरुद्दीन शहा होते, तक्रार काय तर डायरेक्शनवाले डिप्लोमा फिल्ममध्ये आम्हाला घेत नाहीत. पुढं 1975 ला आणीबाणी लागली, माहिती खात्यात विद्याचरण शुक्ल आले (आपल्या जुन्या मध्य प्रांताचे मुख्यमंत्री रविशंकर शुक्लांचे चिरंजीव, राजधानी नागपूर होती तेव्हाचे), अन् त्याच वर्षी कार्नाड बाहेर पडले.

तरीपण पुढची चाळीस वर्षं गाडी चालली, अन् का चालली हे महत्त्वाचं आहे. अध्यक्ष कोण होते बघा, श्याम बेनेगल, मृणाल सेन, अडूर गोपालकृष्णन, महेश भट, परत कार्नाड, विनोद खन्ना, अनंतमूर्ती, सईद मिर्झा. विनोद खन्ना तर भाजपचे खासदार होते, तेव्हा पक्षाचा माणूस आला म्हणून असा गदारोळ झाला नाही. नेमायची पद्धत तीच होती पण नाव असं यायचं की पोरं गप बसायची. नियमात कुठं लिहिलेलं नव्हतं की मोठाच माणूस पाहिजे. रिवाज होता फक्त.

मिर्झांची टर्म मार्च 2014 ला संपली. वर्षभराच्या वर खुर्ची रिकामी. जून 2015 ला गजेंद्र चौहान यांचं नाव आलं, टीव्हीवरच्या महाभारतातले युधिष्ठिर, भाजपशी जोडलेले. 12 जूनपासून पोरं संपावर. अन् नुसत्या चौहानांवरून नव्हता तो संप, सोसायटीवर जी बाकीची नावं टाकली त्यातल्या काहींवर पण आक्षेप होता. जाहनू बरुआ, संतोष सिवन अन् पल्लवी जोशी यांची पण नावं यादीत होती, ते स्वतःच बाजूला झाले. दुसरीकडं सरकारचं पण म्हणणं होतं, की 2008 च्या बॅचचे विद्यार्थी 2015 पर्यंत कॅम्पसवर आहेत, तीन वर्षांचा कोर्स सात वर्षं कसा चालते? खोटं नव्हतं ते. ऑगस्टमध्ये ह्याच अर्धवट डिप्लोमा फिल्मांच्या मूल्यमापनावरून डायरेक्टरला घेराव झाला अन् रात्री पोलीस येऊन पाच पोरांना घेऊन गेले. 28 ऑक्टोबरला संप मागं घेतला, 139 दिवस. चौहान जानेवारी 2016 ला पहिल्यांदा कॅम्पसवर आले, अन् मार्च 2017 ला त्यांची टर्म संपली पण, कारण तीन वर्षं मोजली ती 2014 पासून! नेमणुकीच्या आधीचे दिवस टर्ममध्ये गेले, असा हिशोब आमच्या मंडळात कोणी मांडला असता तर त्याला आमसभेतून उठवलं असतं.

त्यानंतर ऑक्टोबर 2017 ला अनुपम खेर आले, वर्षभरात बाहेरच्या सिरियलच्या कामामुळं सोडून गेले. मग 'सीआयडी'वाले बी. पी. सिंग, 2020 ला शेखर कपूर, 2023 ला आर. माधवन. खेर आणि माधवन यांच्या नावावर थोडी चर्चा झाली, पण 2015 सारखं काही पेटलं नाही. पद्धत मात्र तीच, इंच नाही हलली.

हलली ती दुसरीकडून. 2025 ला एफटीआयआय अन् कोलकात्याची सत्यजित राय इन्स्टिट्यूट, जी 1995 ला ह्याच साच्यावर सोसायटी म्हणून निघाली, दोघींना अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अमरावतीला ज्याचं केंद्र आहे त्या आयआयएमसीला, म्हणजे पत्रकारिता शिकवणाऱ्या संस्थेला, तो त्याच्या आधीच, 2024 ला मिळाला होता, ती पण माहिती खात्याचीच सोसायटी. आतापर्यंत फक्त डिप्लोमा होता, आता स्वतःची डिग्री देता येते. म्हणजे आता मंत्रालयासोबत विद्यापीठांवर लक्ष ठेवणाऱ्या यूजीसीचे पण नियम आले, एका सासूच्या दोन झाल्या.

भाच्याला एवढं सगळं सांगेपर्यंत नाटकाची घंटा झाली होती. पोट्ट्यानं मोबाईल खिशात टाकला अन् म्हणाला, "मंग मामाजी, सर्टिफिकेटवर सही कोनाची राहते?"