पोटरी दुसरीत, डोकं पाचवीत

बॅलेत 'रलव्हे' नावाची एक साधी क्रिया असते. गुडघे ताठ ठेवून टाचा उचलायच्या, चवड्यांवर उभं राहायचं आणि सावकाश खाली यायचं. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ 'उचललेलं'. आमच्या वर्गातली पोरं त्याला सरळ 'रेल्वे' म्हणतात, आणि माझा सराव होतोही रेल्वेतच. सकाळी दादरच्या फलाटावर, पर्स खांद्याला, डबा पिशवीत, एक हात खांबाला. वीस वेळा वर, वीस वेळा खाली. कोणी वळून बघत नाही. टाचा उंचावून गाडी येतेय का बघणारी माणसं त्या फलाटावर रोजचीच.

माझा जन्म १९८१चा. आत्या फोर्टात एका पारशी वकिलाकडे टायपिस्ट होती, तिच्या ओळखीतून आठव्या वर्षी मी बॅलेच्या वर्गात पोचले. १९९३ साली चौथी ग्रेड पास झाले, पाचवीची तयारी सुरू झाली आणि मग शाळेची आठवी आली. गणिताचा क्लास आणि बॅले एकाच वेळेला. त्यात बॅले हरला. परत गेले ती एकतीस वर्षांनी.

या परीक्षा लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्सच्या. संस्था १९२०ची. पहिली ते आठवी अशा ग्रेड, आणि ज्यांना नृत्य हाच व्यवसाय करायचा आहे त्यांच्यासाठी इंटरमीजिएट फाउंडेशनपासून वर चढणारा वेगळा जिना. कथक शिकलेल्यांना ही रचना ओळखीची वाटेल. गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशाच चढत जातात. फरक एवढाच की पन्नाशीची बाई मध्यमाला बसली तर शेजारणी कौतुक करतात, आणि बॅलेच्या तिसरीला बसली तर आधी हसतात. नियमांना मात्र हसू येत नाही. पहिल्या पाच ग्रेडना किमान वय ७ वर्षं, कमाल वय काहीच नाही. आधीची ग्रेड पास असण्याचीही अट नाही. १०० पैकी ४० गुणांना पास, ५५ला मेरिट, ७५ला डिस्टिंक्शन. म्हणजे कागदावर मी थेट पाचवीचा फॉर्म भरू शकत होते, आणि मनात तेच होतं.

पहिल्या दिवशी बारपाशी उभी राहिले. (बार म्हणजे भिंतीलगतचा लाकडी दांडा. घरी हा खुलासा करावा लागला.) प्लिएचे, म्हणजे गुडघे वाकवून सावकाश खाली जायच्या व्यायामाचे, सूर सुरू झाले आणि कोणी न सांगता डावा हात दांड्यावर हलका झाला, उजवा खालून वर येऊन बाजूला उघडला, मान हाताच्या मागोमाग वळली. हे मला अजून येतं, याची मलाच कल्पना नव्हती.

मेंदूच्या हिशेबात 'माहीत असणं' आणि 'येणं' ही दोन निराळी खाती आहेत. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाची फेफरं थांबवण्यासाठी शस्त्रक्रिया झाली आणि मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या भागाचा, बराचसा हिस्सा काढला गेला. त्यानंतर त्याच्या लक्षात नवं काही राहीना. मानसशास्त्रज्ञ ब्रेन्डा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. हे भल्याभल्यांना जमत नाही, कारण आरशात हात उलटाच चालतो. तीन दिवसांत मोलेसनचा हात सफाईदार झाला, पण आपण हे आधी कधी केलंय याची त्याला आठवणच नव्हती. अंगवळणी पडलेल्या गोष्टी लहान मेंदू आणि बेसल गँग्लिया नावाची खोलवरची केंद्रं सांभाळतात. पोळी लाटणं, पोहणं, सायकल आणि प्लिए तिथलेच रहिवासी. ते वर्षानुवर्षं बोलत नाहीत, पण घर सोडूनही जात नाहीत.

शिवाय जे विसरलं असं वाटतं तेही पुन्हा शिकायला पहिल्याइतका वेळ लागत नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करून, विसरून, पुन्हा पाठ करून हे मोजलं आणि १८८५ साली छापलं. वाचलेल्या मेहनतीला त्याने 'बचत' हाच शब्द वापरला. माझी बचत पहिल्या पंधरवड्यातच हाती आली. मधल्या काळात अभ्यासक्रम बदलला होता, व्यायामांचे क्रम नवे होते, पण शब्द तेच. बाईंनी नाव घेतलं की पाय निघे. नऊ वर्षांच्या पोरी माझ्याकडे बघून क्रम लावत, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं.

तिसऱ्या आठवड्यात एशापे आलं. उडी मारून हवेत पाय उघडायचे आणि फाकलेल्या पायांवर उतरायचं, पुन्हा उडी मारून मिटायचे. पाचव्या उडीला उजव्या पोटरीत मागून कोणी दगड मारल्यासारखं झालं. मी खरोखरच वळून बघितलं. मागे फक्त भिंत होती. पोटरीचा स्नायू ताणून थोडा फाटला होता. सहा आठवडे उड्या बंद.

बाई पारशी, सत्तरीच्या. बर्फाची पिशवी देत म्हणाल्या, "डिकरी, तुमारा दिमाग पाचवी ग्रेड में है, टांग अभी दूसरी में."

हे त्या दटावण्यासाठी बोलल्या, पण शब्दशः खरं आहे. ग्रेडची शिडी एकेक पायरीने चढते, कारण वाढणाऱ्या मुलीचं डोकं, स्नायू, हाडं, तोल सगळं साधारण जोडीने वाढतं. मोठेपणी परतणारी बाई मात्र एकाच वेळी चार-पाच इयत्तांत बसलेली असते. आणि त्यात घातक गोष्ट ही, की सगळ्यांत आधी परत येते ती आठवण. ती उडी मारायला सांगते, आणि उडी झेलणारे अवयव अजून गावाहून आलेलेच नसतात.

स्नायूंचं बघा. तिशीनंतर दर दहा वर्षांत त्यांचं वस्तुमान ३ ते ८ टक्क्यांनी घटतं. त्यातही झटक्याने आकुंचन पावणारे तंतू जास्त झिजतात, म्हणून ताकदीपेक्षा वेग आधी जातो. पाय सावकाश उचलून हवेत धरायचा आदाज मला अजून जमतो. लहान, चटपटीत उड्यांच्या आलेग्रोला मात्र मी संगीताच्या अर्धा ठोका मागे असते. कानाला ठोका कळतो, पायाला उशिरा कळतो.

तरी स्नायू उपकार विसरणारे नाहीत. ऑस्लो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० साली उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं, की कामाचा भार वाढला की स्नायूच्या तंतूत आधी नवी केंद्रकं येतात आणि मग तो जाड होतो. पुढे तो सुकला तरी ही जादा केंद्रकं तीन महिने टिकून होती. उंदराच्या आयुष्यात तीन महिने म्हणजे बराच काळ. माणसांत केंद्रकं वर्षानुवर्षं टिकतात का, यावर वाद चालू आहे. पण २०१८ साली इंग्लंडमधल्या एका अभ्यासात सात आठवडे व्यायाम, सात आठवडे विश्रांती आणि पुन्हा सात आठवडे व्यायाम असं केल्यावर दुसऱ्या खेपेला स्नायू पहिल्यापेक्षा जास्त वाढले, आणि काही जनुकांवर पहिल्या व्यायामाच्या रासायनिक खुणा विश्रांतीच्या काळातही शिल्लक होत्या. सात आठवड्यांवरून एकतीस वर्षांचा हिशेब मांडता येत नाही, पण मन सुखावतं.

गिरकीची गोष्ट आणखी मजेची. कथकमध्ये गिरकीला 'चक्कर' म्हणतात, आणि गरगरल्यावर आपल्याला येते तीही चक्करच. आंतरकर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यांत द्रव. आपण फिरून थांबलो तरी द्रव थांबत नाही. त्याच्या धक्क्याने संवेदी केस वाकलेले राहतात आणि मेंदूला वाटतं, अजून फिरतोय. नर्तक डोळे एका बिंदूवर रोखून ठेवतात, धड फिरू देतात आणि शेवटच्या क्षणी डोकं झटक्यात वळवून पुन्हा तोच बिंदू पकडतात. कथकवाले आणि बॅलेवाले दोघेही. पण कसब फक्त मानेचं नाही. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये २९ बॅले नर्तिका आणि २० नौकानयनपटू स्त्रियांना अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर फिरवून अचानक थांबवलं. फिरल्याचा भास नर्तिकांना कमी वेळ टिकला. त्यांच्या लहान मेंदूतला, हे संकेत हाताळणारा भाग चक्क आकाराने लहान होता. २०१३ सालचा हा अभ्यास. कानाकडून येणारी तक्रार मेंदू वर पोचूच देत नाही, असा त्याचा साधा अर्थ. माझा मेंदू सध्या सगळ्या तक्रारी नोंदवून घेतो. दोन पिरुएट (एका पायावरच्या गिरक्या) झाले की आरसा, पंखा आणि बाई एका रांगेत फिरतात.

टर्नआउटबद्दल थोडक्यात. पावलं बाहेरच्या दिशेला वळवणं ही बॅलेची ओळख, आणि ते वळण मुख्यतः खुब्यातून यायला हवं. मांडीच्या हाडाची मान जन्मतः ३० ते ४० अंश पुढे झुकलेली असते, वाढीच्या वयात हा कोन उतरत मोठेपणी १५ अंशांच्या आसपास स्थिरावतो. एकदा हाड पक्कं झालं की ताणाचे कितीही व्यायाम केले तरी तो बदलत नाही. मोठ्या माणसाने पावलं जबरदस्तीने आडवी केली, की त्याची किंमत गुडघा भरतो. खुब्यामागचे खोल स्नायू बळकट करून आहे तेवढा कोन पुरेपूर वापरायचा, एवढंच हातात.

मला सगळ्यांत जास्त विचार करायला लावलं ते टाचेमागच्या कंडरेने, म्हणजे अकिलीस टेंडनने. पोटरीचा जोर ती टाचेला पोचवते, आणि उतरताना स्प्रिंगसारखी ताणली जाऊन पुढच्या उडीला उसळी देते. तिचं वय मोजण्याची युक्ती अणुबॉम्बमुळे सापडली. १९५५ ते १९६३ या काळात वातावरणात झालेल्या अणुचाचण्यांनी हवेतल्या कार्बन-१४चं प्रमाण जवळजवळ दुप्पट केलं. १९६३च्या करारानंतर ते वर्षागणिक उतरत गेलं. झाडं हवेतून कार्बन घेतात, आपण झाडं खातो, म्हणून शरीरातला कुठलाही ऊतक कधी घडला याची तारीख त्याच्यातल्या कार्बनवर उमटलेली असते. डेन्मार्कच्या संशोधकांनी १९४५ ते १९८३ या काळात जन्मलेल्या माणसांच्या मरणोत्तर घेतलेल्या कंडरा तपासल्या आणि २०१३ साली निष्कर्ष मांडला: कंडरेचा गाभा आयुष्याच्या पहिल्या साधारण १७ वर्षांत घडतो आणि नंतर जवळजवळ बदलतच नाही. त्याच माणसांचे स्नायू मात्र सतत नवे होत राहिले होते.

म्हणजे माझ्या टाचेमागचा दोर १९९८ सालापर्यंत वळून झालेला आहे. ज्या उड्या मी चौथी ग्रेडसाठी मारल्या, त्या मारताना तो विणला जात होता. आज उडी मारते ती त्याच दोरावर.

गाभा जुना म्हणून तो सुधारत नाही असं नाही. जड वजन सावकाश उचलायला लावलं की कंडरा अधिक ताठ, अधिक कणखर होते. पण त्याला तीन-तीन महिने लागतात. स्नायूंची ताकद मात्र पहिल्या काही आठवड्यांतच वाढल्यासारखी वाटते, कारण मेंदू त्यांना जास्त कार्यक्षमतेने हुकूम सोडायला शिकतो. डोक्याला दिवस पुरतात, स्नायूला आठवडे लागतात, कंडरेला महिने. या फटीतच माझी पोटरी सापडली होती. वर आमचा सराव सोसायटीच्या हॉलमधल्या लादीवर. खाली पोकळी ठेवून बसवलेली, दबणारी लाकडी जमीन मुंबईच्या भाड्यात कुठून आणायची? लादी काहीच झेलत नाही. सगळं पाय झेलतो.

म्हणून फलाटावरचे ते वीस रलव्हे. आठ महिने झाले. आता एका पायावर, पाठीवर लॅपटॉपची बॅग घेऊन.

पंचावन्न वर्षांपुढच्यांसाठी अकॅडमीने २०१७ साली 'सिल्व्हर स्वॉन्स' नावाचे वर्ग सुरू केले, त्यात परीक्षेची भानगड नाही. मला ते वय यायला अवकाश आहे, आणि मला परीक्षा हवी आहे. संगीताची जाण आणि सादरीकरण यांनाही तिथे गुण असतात, आणि त्या दोन रकान्यांत दहा वर्षांच्या पोरींना मी भारी पडेन असं माझं प्रामाणिक मत आहे. बाईंशी बरीच घासाघीस करून ग्रेड ठरली: तिसरी. डोकं आणि पोटरी यांच्यातली तडजोड. १९९३ साली चौथी पास झालेली बाई पुढच्या सत्रात तिसरीला बसणार.

वर्गाच्या छापील फॉर्मवर पालकाच्या सहीचा रकाना होता. मी तो मोकळा सोडणार होते, पण आई समोरच बसली होती, तिने पेन मागून सही ठोकली. मग मी तिला कंडरेची गोष्ट सांगितली, की लहानपणी तू जो वरणभात भरवलास त्याचा कार्बन अजून माझ्या टाचेमागे जसाच्या तसा आहे.

ती जरा वेळ माझ्या पायाकडे बघत राहिली. "मग तूप कमी घातलं मी," म्हणाली, आणि चष्मा काढून ठेवला.