गुरुजींच्या मोबाईलमध्ये शाळेचं दप्तर कसं आलं

मुख्याध्यापक निवृत्त झाले की शाळेचा चार्ज द्यावा लागतो. माझी मावशी जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेतून निवृत्त झाली, तेव्हा तिच्याशेजारी बसून ती चार्ज यादी मीच उतरवून काढली होती. जनरल रजिस्टर, हजेरीपत्रकं, कॅशबुक, डेडस्टॉक रजिस्टर, तांदळाचा शिल्लक साठा, कपाटाच्या किल्ल्या, शाळेचा गोल शिक्का. देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. पण पुढे कितीतरी महिने सकाळी साडेदहाच्या सुमाराला तिचा फोन वाजायचा. "मॅडम, ओटीपी आला का हो?" शाळेची निम्मी पोर्टलं तिच्या खासगी नंबरावर नोंदलेली होती. तो नंबर कुठल्याच यादीत नव्हता, त्यामुळे त्याचा चार्जही कुणाला देता आला नव्हता.

शिक्षकांनी आणि शाळेतल्या कर्मचाऱ्यांनी मोबाईल, इंटरनेट, सोशल मीडिया कसा वापरावा याची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा "सर वर्गात मोबाईल बघत बसतात" या तक्रारीपासून सुरू होते. ती तक्रार खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण फोन शिक्षकाचा, रिचार्ज शिक्षकाचा आणि आतली माहिती मात्र शाळेची, ही अवस्था कशी आली हे पाहिल्याशिवाय कुठलाही नियम धड लिहिता येणार नाही.

ज्याला इंग्रजीत 'ॲक्सेप्टेबल यूज पॉलिसी' म्हणतात ती कल्पना अमेरिकेत रुजली. तिथलं एनएसएफनेट हे सरकारी पैशावर चालणारं जाळं संशोधन आणि शिक्षणासाठी होतं. त्यावर धंदा करू नये म्हणून वापराचे नियम लिहिले गेले आणि त्यांना हेच नाव होतं. १९९६च्या दूरसंचार कायद्यानंतर 'ई-रेट' योजनेतून तिथल्या शाळांना इंटरनेटच्या बिलात २० ते ९० टक्के सवलत मिळू लागली. डिसेंबर २०००मध्ये मुलांच्या इंटरनेट सुरक्षेचा कायदा आला आणि त्याने या सवलतीला अट जोडली: संगणकांवर फिल्टर लावा, सुरक्षेचं धोरण ठरवा, मगच सवलत घ्या. म्हणजे तिथे संगणक शाळेचा, जोडणी शाळेची, म्हणून नियमही शाळेचा. कर्मचाऱ्याने त्या कागदावर सही करायची ती संस्थेची वस्तू वापरतो म्हणून.

आपल्याकडे गाडी उलट्या बाजूने आली. वागणुकीचे नियम होते, पण ते कागदाच्या काळातले. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना १९६७चे वर्तणूक नियम, खासगी शाळांना १९७७चा सेवाशर्तींचा कायदा आणि १९८१ची नियमावली, सरकारी नोकरांना १९७९चे वर्तणूक नियम. वर्तमानपत्रात काय लिहावं, आकाशवाणीवर बोलायचं तर परवानगी कुणाची, भेटवस्तू घ्यावी का, शासनावर टीका करावी का, असे त्यांचे विषय. ते नियम लिहिणाऱ्यांच्या काळात शिक्षकाच्या खिशात फार तर पेन आणि तंबाखूची डबी असायची.

नंतर संगणक आला तो परीक्षेच्या रूपाने. एमकेसीएलचा एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा कोर्स ठरलेल्या मुदतीत पास व्हा, नाहीतर वेतनवाढ थांबेल, असं शिक्षकांना सांगितलं गेलं. पन्नाशीतले गुरुजी तालुक्याच्या गावी क्लासला जाऊन माऊस धरायला शिकले. ज्यांची मुदत हुकली त्यांच्या वेतनवाढीच्या वसुलीची प्रकरणं वर्षानुवर्षं चालली. शाळेत संगणक असो वा नसो, प्रमाणपत्र हवंच होतं. साधन नंतर, जबाबदारी आधी, हा क्रम तिथूनच पडला असं मला वाटतं.

जुलै २००९मध्ये सीबीएसईने परिपत्रक काढलं की मुलांनी शाळेत मोबाईल आणू नये आणि शिक्षकांनीही वर्ग, मैदान, प्रयोगशाळा अशा ठिकाणी तो वापरू नये. तेव्हा बहुतेकांच्या मोबाईलवर मुख्यतः बोलणं आणि मेसेजच चालायचं, त्यामुळे बंदी सोपी होती. पुढच्या सहा-सात वर्षांत तोच मोबाईल शाळेचं कार्यालय बनला आणि जुनी बंदी मात्र तशीच राहिली.

हा बदल घडवला तो माहितीच्या भुकेने. शाळांची आकडेवारी गोळा करणारी डाइस नव्वदच्या दशकापासून होती, पण ती वर्षातून एकदा छापील फॉर्मवर भरायची. २०१५मध्ये महाराष्ट्रात शिक्षण विभागाचं 'सरल' हे पोर्टल आलं. आता आकडे पुरेनात, एकेका मुलाची नोंद हवी होती: नाव, जन्मतारीख, जात, आधार, बँक खातं. कल्पना वाईट नव्हती. शाळा सोडलेलं मूल कुठे गेलं हे कळावं, दोन शाळांत एकच नाव दाखवून पट फुगवला जाऊ नये, यासाठी अशी नोंद लागतेच. पण वस्तीवरच्या शाळेत ना संगणक, ना रेंज. दिवसा साइट चालत नाही म्हणून शिक्षक रात्री जागून माहिती भरत. कुणी तालुक्याच्या नेट कॅफेत बसून, कुणी स्वतःच्या पोराच्या लॅपटॉपवर. मुलांच्या आधारचे फोटो पेनड्राइव्हवर फिरले, कॅफेच्या डेस्कटॉपवर पडून राहिले. याला त्या वेळी कुणी माहितीची गळती म्हटलं नाही. 'काम पूर्ण झालं' असंच म्हटलं.

त्यानंतर ५ सप्टेंबर २०१६ला, नेमक्या शिक्षक दिनी, जिओ सुरू झालं. डेटा स्वस्त झाला आणि आसपासच्या शाळांचा गट, म्हणजे 'केंद्र', सांभाळणाऱ्या केंद्रप्रमुखापासून शिक्षणाधिकाऱ्यापर्यंत सगळा कारभार व्हॉट्सॲपवर उतरला. केंद्राचा ग्रुप, बीटचा ग्रुप, तालुक्याचा ग्रुप, पोषण आहाराचा वेगळा, मुख्याध्यापकांचा वेगळा. 'अतितात्काळ', 'आज दुपारी दोनपर्यंत लिंक भरा', 'माहिती नसल्यास निरंक कळवा'. पूर्वी परिपत्रक टपालाने यायचं, आवक नोंदवहीत चढायचं, त्याला जावक क्रमांकाने उत्तर जायचं. आता तास चालू असताना खिशातला फोन थरथरतो. तो पाहिला तर 'सर मोबाईल बघतात', न पाहिला तर कारणे दाखवा नोटीस.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही. पण फोटो पाठवणं, लिंक भरणं, ॲप डाउनलोड करून दाखवणं हे काम म्हणून मोजलंच गेलं नाही, त्यामुळे ते कायद्याच्या नजरेतून निसटलं.

एकदा मावशीचा फोन सारखा अडकायला लागला म्हणून मी त्याची गॅलरी साफ करायला बसले. खिचडीचं पातेलं. खिचडीचं पातेलं, तारखेसह. नातवाचा वाढदिवस. झाडं लावताना रांगेत उभी मुलं. तिच्या बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी. लगेच पुढे चौथीतल्या एका मुलीचं आधार कार्ड, तिच्या आईच्या पासबुकाचं पहिलं पान, आणि शिष्यवृत्तीसाठी लागणारा जातीचा दाखला. अशी शेकडो. "हे काढू का?" मी विचारलं. मावशी म्हणाली, "नको गं, उद्या वरून मागितलं तर?" जनरल रजिस्टर कायमचं जपायचं असतं हे तिला नोकरी लागल्या दिवसापासून ठाऊक होतं. आधार कार्डाचा फोटो किती दिवस ठेवायचा आणि कधी पुसायचा, हे तिला चौतीस वर्षांत कुणीच सांगितलं नव्हतं.

शिक्षकांनी मात्र त्याच फोनमधून खूप काही उभं केलं. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या शाळेचा डिजिटल वर्ग पाहायला लांबून शिक्षक यायचे, आणि गावोगाव लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकात क्यूआर कोड वापरले. डिसेंबर २०२०मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. मोबाईल वाईट म्हणून मोकळं होणाऱ्यांनी या शाळा आठवाव्यात.

मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या आणि ज्या मोबाईलवर बंदी होती तोच शाळा झाला. ऑनलाइन वर्गांसाठी केंद्र सरकारच्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचना जुलै २०२०मध्ये आल्या. पहिली ते आठवीला दिवसाला तीस-पंचेचाळीस मिनिटांची दोन सत्रं, नववीपासून पुढे चार. मुलांच्या वेळेला अशी मर्यादा घातली गेली. शिक्षिकेचा खासगी नंबर वर्गातल्या प्रत्येक पालकाकडे गेला, रात्री अकराला 'गृहपाठ काय होता' विचारणारे मेसेज आले, कुणाकुणाला त्याहून वाईट. त्या नंबराला मर्यादा कुणी घातली नाही. शाळा उघडल्यावर तो नंबर परत घेता आला नाही.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास मोबाईल-टीव्ही बंद करायला सुरुवात केली, तीही टाळेबंदीत मुलांना लागलेल्या सवयीमुळेच.

शिक्षकांची स्वतःची माहितीही सुरक्षित राहिली नाही. सप्टेंबर २०१७मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'दीक्षा' या शैक्षणिक ॲपची माहिती एका उघड्या सर्व्हरवर पडून होती, असं जानेवारी २०२३मध्ये समोर आलं. त्यात दहा लाखांहून अधिक शिक्षकांची नावं, फोन नंबर, ईमेल होते. ज्यांना ॲप घ्या म्हणून ग्रुपवर रोज आठवण केली जायची, तेच हे शिक्षक.

कायदा हळूहळू जागा होत होता. २४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०१८च्या आधार निकालाने शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं नाही असं सांगितलं. ऑगस्ट २०२३मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती हाताळायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, हे त्याचं तत्त्व आहे. पण स्नेहसंमेलनाचा फोटो ग्रुपवर टाकणाऱ्या शिक्षकाला हा कायदा आपल्याला कुठे लागतो, हे साध्या मराठीत समजावून देणारा एक कागदसुद्धा मावशीच्या शाळेत कधी पोचला नाही.

ऑगस्ट २०२४मध्ये राज्य शासनाने शिक्षकांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामं वेगळी करून दाखवणारा निर्णय काढला. पुढच्याच महिन्यात संच मान्यतेचे, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याचे, निकष आणि कमी पटाच्या शाळांवरचे कंत्राटी शिक्षक या प्रश्नांवर प्राथमिक शिक्षकांचं आंदोलन पेटलं. २५ सप्टेंबरला सामूहिक रजा टाकून मोर्चे निघाले. त्याआधी शिक्षक प्रशासनाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडले होते. पूर्वी संपात हजेरीपटावर सही करत नसत. आता ग्रुप सोडणं हे असहकाराचं हत्यार झालं, यावरून कारभार कुठे येऊन बसला होता ते कळतं.

२८ जुलै २०२५ला सामान्य प्रशासन विभागाने सोशल मीडियाबद्दल शासन निर्णय काढला. तो स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. खासगी आणि कार्यालयीन अकाउंट वेगळं ठेवा, बंदी असलेली ॲप वापरू नका, गोपनीय कागद टाकू नका, शासनाच्या धोरणावर टीका करू नका, खासगी अकाउंटवर शासकीय गाडी, इमारत, गणवेश दाखवणारी रील नकोत. समन्वयासाठी व्हॉट्सॲप आणि टेलिग्राम चालतील. टीकेबद्दलची अट मला पटत नाही. शाळेचं छप्पर गळतंय हे सांगणं आणि धोरणावर टीका करणं यांतली रेघ कोण ओढणार, हा प्रश्न ती उघडा ठेवते. पण बदली झाली की कार्यालयीन अकाउंट रीतसर हस्तांतरित करा, हे कलम वाचताना मी थांबले. पहिल्यांदाच कुणीतरी चार्ज यादीत मोबाईलमधली गोष्ट धरली होती. मावशीच्या शाळेला मात्र कार्यालयीन असा नंबर अजून नाही. नवे मुख्याध्यापक आता पोर्टलांवर स्वतःचा नंबर टाकत आहेत.