पॉकेट ड्रग हँडबुक

डॉक्टरने अॅप्रनच्या खिशात ठेवायची आणि प्रिस्क्रिप्शन लिहिता लिहिता उभ्या उभ्या उघडून बघायची छोटी पुस्तिका, ती पॉकेट ड्रग हँडबुक. फार्माकॉलॉजी शिकवायचं काम हिचं नाही, ते जाडजूड टेक्स्टबुकांनी करावं. औषध कुठलं द्यायचं हे बहुतेक वेळा ठरलेलंच असतं, घोडं अडतं ते किती, किती वेळा आणि या पेशंटला चालेल का इथे.

एका नोंदीत जेनेरिक नाव (औषधाचं मूळ नाव), ब्रँड, गोळी-सिरप-इंजेक्शन किती मिग्रॅचं मिळतं, मोठ्यांचा डोस, मुलांचा किलोमागे डोस, प्रेग्नन्सी, लिव्हर, इंटरॅक्शन (एका औषधाचा दुसऱ्यावर होणारा परिणाम) असं सगळं चार-पाच ओळींत कोंबलेलं असतं आणि शॉर्टफॉर्म एवढे की नवख्याला आधी तेच पाठ करावे लागतात.

सगळ्यात जास्त उपयोग होतो तो किडनीच्या डोससाठी. समजा 80 वर्षांच्या, 45 किलोच्या आजीबाई आहेत, क्रिएटिनिन (किडनीचं काम कळायला रक्तात मोजतात तो घटक) 1.2, रिपोर्ट बघून वाटतं की ठीकच आहे, पण वय-वजन धरणाऱ्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्टच्या सूत्रात घातलं की क्लिअरन्स, म्हणजे किडनीची रक्त गाळायची क्षमता, मिनिटाला 27 मिलीच्या आसपास येतो. आता रक्ताच्या गुठळीसाठी एनॉक्सापॅरिन हे रक्त पातळ करणारं इंजेक्शन किलोमागे 1 मिग्रॅ दर 12 तासांनी द्यायचं असतं ना, ते क्लिअरन्स 30 च्या खाली गेला की दिवसातून एकदाच. हे आकडे डोक्यात ठेवायचा हट्ट धरूच नये. तसंच मेथोट्रेक्सेट, संधिवातात ते आठवड्यातून एकदा असतं, रोज गेलं तर पेशंटच्या जिवावर बेततं, म्हणून चांगल्या पुस्तिकेत तो इशारा डोसला चिकटूनच छापतात.

यातलं जुनं आणि मोठं नाव म्हणजे ब्रिटिश नॅशनल फॉर्म्युलरी, युद्धकाळातल्या फॉर्म्युलरीतून (औषधांच्या यादीतून) 1949 मध्ये निघाली, मुलांसाठीची वेगळी 2005 पासून. छापील आवृत्ती वर्षातून दोनदा येते, आणि आता ती इतकी फुगलीय की पॉकेट म्हणायला खिसा तसाच मोठा हवा. नुसत्या अँटिबायोटिक्ससारख्या इन्फेक्शनच्या औषधांपुरती सॅनफोर्ड गाइड 1969 पासून आहे.

1990 च्या दशकाच्या शेवटी पाम नावाच्या तळहातावर मावणाऱ्या कॉम्प्युटरवर एपॉक्रॅटिस हे औषधांची माहिती देणारं सॉफ्टवेअर आलं आणि मग फोनवरची अॅप्स. इंटरॅक्शन तपासायला अॅपच बरं, कारण सात-आठ औषधं चालू असलेल्या पेशंटची प्रत्येक जोडी पुस्तकात कोण शोधत बसणार. रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनवर मेट्रोनिडॅझोल हे अँटिबायोटिक सुरू केलं की आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) चढतो, म्हणजे रक्त जास्तच पातळ होतं, हे अॅप लगेच दाखवतं. मात्र दर ओळीला लाल इशारा यायला लागला की माणूस न वाचताच पुढे सरकवतो, हा अॅपचा रोग.

छापील प्रतीचा रोग म्हणजे ती शिळी होते आणि दिसायला मात्र तशीच राहते. अमेरिकेच्या औषधांवर देखरेख करणाऱ्या एफडीएने प्रेग्नन्सीतल्या औषधांची धोका सांगणारी ए, बी, सी, डी, एक्स ही अक्षरं 2015 पासून लेबलवरून काढायला घेतली, त्याजागी सविस्तर माहिती द्यायची असं ठरलं, कारण अक्षर बघून लोक सी म्हणजे बीपेक्षा जास्त धोक्याचं असा सरळ हिशोब मांडायचे आणि तो तसा नव्हताच. त्याआधीच्या प्रतींमध्ये मात्र ती अक्षरं अजून छापलेली आहेत.