कम्प्युटेशनल डिझाइन की डिजिटल फॅब्रिकेशन? अर्ज भरण्याआधी

बी.आर्क. (आर्किटेक्चरची पदवी) संपत आलं की मुलं परदेशातल्या कोर्सेसची यादी करायला बसतात, आणि त्या यादीत हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. माहितीपत्रकावरचे फोटोही सारखेच असतात: रोबोटचा हात आणि शेजारी लाकडी पॅव्हेलियन. शिकायचं मात्र वेगवेगळं असतं.

कम्प्युटेशनल डिझाइन म्हणजे आकारामागचा नियम लिहिणं. पश्चिमेच्या भिंतीची जाळी घ्या. ऊन जास्त तिथे भोक लहान, सावलीत मोठं, एवढा नियम ग्रासहॉपर या नियमांवरून आकार काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बांधला की भिंतीची लांबी बदलली तरी सगळी भोकं नव्याने बसतात.

ती फाइल मशीनवर चढवायची वेळ आली की डिजिटल फॅब्रिकेशन सुरू होतं. ६ मिमीची म्हणून आणलेली प्लायची शीट कॅलिपरने मोजली की कुठे ५.७ भरते, कुठे ५.९. खाच त्या मापाने केली नाही तर जोड डुगडुगतो. राउटरची, म्हणजे लाकूड कोरणाऱ्या मशीनची, फिरती बिट (पातं) गोल असल्याने खाचेचा आतला कोपराही काटकोनात निघत नाही आणि समोरच्या तुकड्याचा चौकोनी दात तिथे अडतो. म्हणून कोपऱ्यात बिट थोडी पुढे सरकवून जादा गोलाई काढावी लागते, आणि ती ड्रॉइंगमध्येच धरावी लागते. आपल्याकडे सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर, जाळ्या कापणाऱ्यांना हे रोजचं आहे. त्यांच्या वर्कशॉपमध्ये आठवडाभर बसा. पोर्टफोलिओतल्या दहा रेंडर्सपेक्षा (संगणकावर काढलेल्या चित्रांपेक्षा) ते जास्त शिकवेल, असं मी मनापासून सांगते.

चांगल्या कामात दोन्ही एकत्र येतात, म्हणून तर गोंधळ होतो. श्टुटगार्ट विद्यापीठाच्या २०११च्या पॅव्हेलियनमध्ये प्लेट्सची रचना सँड डॉलर या समुद्री जिवाच्या कवचावरून घेतली होती. हा झाला नियम. त्या प्लेट्स ६.५ मिमी प्लायच्या होत्या आणि त्यांचे दातेरी जोड रोबोटने कापले होते. हे झालं फॅब्रिकेशन. स्वित्झर्लंडमधल्या फ्लेश गावी ग्रामात्सिओ आणि कोलर या वास्तुकारांनी २००६ मध्ये एका वायनरीच्या भिंती रोबोटकडून रचून घेतल्या. प्रत्येक वीट जराशा वेगळ्या कोनात ठेवल्यामुळे त्या भिंती लांबून पाहिलं की टोपलीत द्राक्षं भरल्यासारख्या दिसतात.

पदव्यांच्या नावांत तर आणखी मोठा घोळ आहे. श्टुटगार्टचा आयटेक हा ४ सेमिस्टरचा एम.एससी. आहे आणि त्यात संगणकीय डिझाइन, स्ट्रक्चर आणि प्रत्यक्ष बांधणी एकत्र शिकवतात. झ्युरिचच्या ईटीएचचा आर्किटेक्चर अँड डिजिटल फॅब्रिकेशन हा कोर्स मात्र एमएएस, म्हणजे मास्टर ऑफ अॅडव्हान्स्ड स्टडीज. तो १ वर्षाचा, मास्टर्सनंतर करायचा. नुसतं ‘मास्टर’ वाचून दोन्हींना एकाच रांगेत बसवू नका. आपली बी.आर्क. ५ वर्षांची असली तरी ती तिथे मास्टर्सच्या तोडीची धरतात का, हे फी भरण्याआधी त्यांच्या कार्यालयाकडून लेखी विचारून घ्या.