शेल स्क्रिप्टिंग

टर्मिनलमध्ये आपण टाइप केलेली कमांड वाचून ती चालवणारा प्रोग्रॅम म्हणजे शेल. त्याला एकेक करून द्यायच्या कमांड्स एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवायच्या आणि मग ती फाइलच रन करायची, याला शेल स्क्रिप्टिंग म्हणतात. बॅकअप घेणं, ढीगभर फोटोंची नावं एकदम बदलणं, डाउनलोड फोल्डर साफ करणं, लॉगमधून एरर शोधणं असली रोजची कंटाळवाणी कामं यात मस्त बसतात.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा पहिला शेल केन थॉम्पसन यांनी १९७१ च्या सुमारास लिहिला, पण तो स्क्रिप्टसाठी फारच तोकडा होता. १९७३ मध्ये डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे पाइप आला, म्हणजे एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीला इनपुट म्हणून, आणि खरी मजा तिथून सुरू झाली. व्हेरिएबल (किंमत साठवायचं नाव), लूप (तेच काम परत परत करणं), इफ (अट) वगैरे असलेला स्टीफन बॉर्न यांचा शेल १९७९ मध्ये आला, आणि ब्रायन फॉक्स यांनी जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पासाठी लिहिलेला बॅश १९८९ मध्ये. बहुतेक लिनक्सवर आजही बॅशच असतो, मॅकवर २०१९ पासून झेडशेल डिफॉल्ट आहे. विंडोजचा पॉवरशेल वेगळ्याच वळणाचा, त्यात टेक्स्टऐवजी ऑब्जेक्ट फिरतात.

शिकायला पुस्तक घेऊन बसायची तशी गरज नसते, आपली कमांड हिस्टरी उघडायची, त्यात जे परत परत टाइप केलेलं दिसेल तीच पहिली स्क्रिप्ट. वरच्या ओळीत कुठल्या शेलने चालवायचं ते लिहायचं, सीएचमॉड या कमांडने फाइलला एक्झिक्यूट परमिशन (चालवायची परवानगी) द्यायची, झालं. नवीन माणूस अडतो तो बारीकसारीक गोष्टींत: व्हेरिएबलला किंमत देताना बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला स्पेस चालत नाही, आणि कमांड यशस्वी झाली तर ती ० परत करते, बाकी कुठलाही आकडा म्हणजे गडबड. दुसऱ्या बऱ्याच भाषांमध्ये ० म्हणजे 'खोटं' असतं, त्यामुळे तिथून आलेल्यांना हे उलटं वाटतं.

पण सगळ्यात जास्त घोळ घालतात ते कोट्स. फाइलच्या नावात स्पेस असेल आणि व्हेरिएबल डबल कोट्समध्ये नसेल तर शेल त्या नावाचे दोन तुकडे करतो, आणि त्यावर चालणारी कमांड आरएम (फाइल डिलीट करणारी) असेल तर भलतीच फाइल उडते, रिसायकल बिन वगैरे काही मधे येत नाही. म्हणून डिलीट करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये सुरुवातीला आरएमच्या अगोदर इको ही कमांड लावून नुसतं छापून बघावं, कमांड काय करणार होती ते समोर दिसतं. शेलचेक नावाचं फुकट टूल अशा चुका आधीच दाखवतं, ते पहिल्या दिवसापासून वापरायला काहीच हरकत नाही.

स्क्रिप्ट ठरलेल्या वेळी आपोआप चालवायची तर क्रॉन आहे. मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार असे ५ रकाने भरायचे आणि पुढे कमांड लिहायची. इथला नेहमीचा प्रश्न असा की टर्मिनलमध्ये नीट चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये गप्प पडते, कारण क्रॉन आपली लॉगिन सेटिंग्ज वाचत नाही आणि त्याचा पाथ, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी, अगदी छोटा असतो, म्हणून कमांड कुठल्या फोल्डरमध्ये आहे तो पूर्ण पत्ता द्यावा आणि आउटपुट लॉग फाइलमध्ये वळवावं.

दशांश अपूर्णांकांची गणितं बॅशला स्वतःला येत नाहीत, गुंतागुंतीचा डेटा सांभाळणंही त्याच्या जिवावर येतं. स्क्रिप्ट स्क्रोल करून करून वाचावी लागायला लागली की पायथॉनकडे वळलेलं बरं.