दुर्मिळ जर्मन आडनाव आणि एकच मूळपुरुष: एक खुलासा

‘जर्मन आडनाव जितके दुर्मिळ, तितके ते लावणारे सगळे एकाच मूळपुरुषाचे वंशज,’ असे अनेकदा सांगितले जाते. तर्क पटण्यासारखा आहे, पण तो सरसकट खरा नाही. शिमेलफेनिग हे आडनाव पाहा. ‘शिमेल’ म्हणजे बुरशी आणि ‘फेनिग’ म्हणजे पै-पैशासारखे छोटे नाणे. बुरशी चढेपर्यंत पैसा दाबून ठेवणाऱ्या कंजूष माणसाला मध्ययुगात मिळालेले हे टोपणनाव, पुढे मुलानातवंडांनाही चिकटले. आजच्या जर्मन भाषेत ‘शिमेल’ म्हणजे पांढरा घोडाही होतो, म्हणून काहींना यात घोड्याचा व्यापारी दिसतो. पण मूळ रोख चिक्कूपणावरच आहे.

आता असे की, कंजूष माणूस कोणत्याही गावात असू शकतो, त्यामुळे हे नावही एकाहून अधिक ठिकाणी स्वतंत्रपणे पडू शकते. हॉलंडमध्ये ते शिमेलपेनिंक, तर मध्य जर्मनीत शिमेलफेंग असे आढळते, म्हणजे प्रत्येक प्रदेशाने ते आपापल्या बोलीत घडवले. नाते तपासायचे असेल, तर चर्चमधील बाप्तिस्मा व विवाहाच्या नोंदी एकेक पिढी मागे वाचत जावे, बदलती वर्णाक्षरेही टिपावीत. दोन शाखा एका जोडप्यापाशी येऊन मिळाल्या, तरच त्यांना भाऊबंद म्हणता येते.